फोनवरच्या मापाचा मासा

म्हात्रेदादांना "कसे आहात?" विचारलं की ते पाण्याची तब्येत सांगायचे. "अजून गरम आहे रे. दिवाळीनंतर बघू."

दुबईत अल कुसैसला आमच्या खालच्या मजल्यावर ते बेडस्पेसवर, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एका खाटेपुरत्या भाड्यावर, राहायचे. गाव अलिबागजवळ, नोकरी स्टोअरकीपरची आणि शुक्रवार शारजाच्या तळ्याचा. तळं कसलं, शहरात शिरलेली खाडीच ती. पण भलीमोठी आणि संथ, म्हणून आम्ही तळं म्हणायचो. थंडीत मासे ऊन खायला काठाशी येतात, उन्हाळ्यात तळाला जातात, हे दादांचं शास्त्र. "जुलैत मासा एसीत बसतो. भर उन्हात वर यायला तो काय तुझ्यासारखा नोकरदार आहे?"

हे शास्त्र ते सगळ्यालाच लावायचे. माझी पगारवाढ अडली तेव्हा म्हणाले, "साहेब सध्या खोल पाण्यात आहे. नोव्हेंबरात गळ टाक." टाकला. काही मिळालं नाही. तर वर मलाच विचारतात, "आमिष काय लावलं होतंस?"

तेव्हा मोबाइल नव्हते. वहिनी गावी. बूथमध्ये रिसीव्हर मानेत धरून दादा दोन्ही हात पसरायचे, "एवढा शेरी मासा लागला, एवढा!" वीतभर मासा फोनवर हातभर व्हायचा. वहिनींना ते हात दिसत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

आणि एका वर्षी वहिनींचा व्हिजिट व्हिसा झाला. नेमका जुलैत! दादांचं तोंडच उतरलं. बायको पहिल्यांदा येणार, तिच्यासमोर मासा काढून दाखवायचा आणि सीझन खलास.

माझी मंडळी सुट्टीला पुण्याला गेली होती. मी माझा फ्लॅट त्या दोघांना दिला आणि दादांच्या बेडस्पेसवर आलो. "देराच्या मासळी बाजारातून एक आणून गळाला अडकवू," मी सुचवलं.

"गप रे! डोळे बघून शिळा मासा ओळखते ती."

वहिनी परत जायच्या आधीच्या शुक्रवारी मी दोघांना तळ्यावर नेलं. संध्याकाळ झाली तरी नुसती भट्टी. दादा घामाघूम, आणि वहिनी पदराने त्यांनाच वारा घालत बसलेल्या. "यल्ला, ये रे बाबा," दादा पाण्याला विनवत होते.

"राहू दे हो," वहिनी हसल्या. "थंडीत लागतो ना? मग थंडीत येईन परत. मासा बघितल्याशिवाय सोडते की काय तुम्हाला!" आणि त्या थर्मासमधला चहा ओतायला वळल्या.

तेवढ्यात दोरी ताणली! पाण्यात चंदेरी पाठ चमकली. शेरीच, आणि पहिल्यांदाच अगदी फोनवरच्या मापाचा. मी ओरडणार तोच दादांनी माझ्यावर डोळे वटारले, खिशातून चाकू काढला आणि दोरी कापून टाकली.

"काय झालं हो?" वहिनींनी कप पुढे केला.

"कुठं काय," दादा म्हणाले. "जुलैत कसला मासा लागतोय! तू आपली थंडीत ये. नक्की ये."