आठ मिनिटांचे रशीदचाचा

धावता धावता मध्येच थांबून घड्याळ बघत उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहत असे. आमच्या शेजारचे रशीदचाचा दर्यापूर-अकोला रस्त्यावर पळायचे आणि किलोमीटरच्या दगडाशी दीड मिनिट आधी पोचले, तर तेवढा वेळ दगडाला हात लावून उभे राहायचे. वर मलाच ऐकवायचे, "टायमाच्या आंधी गाडी सोडाची नाई, मास्तर."

चाचा बसस्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. उभा जन्म गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेला. आता ताब्यात स्वतःची एकच गाडी उरली होती. लग्नाला गेले तर पत्रिकेतल्या मिनिटाला मांडवात हजर. तेव्हा मांडवात फक्त खुर्च्यावाला असायचा.

डॉक्टरांनी मला साखरेपायी पळायला सांगितलं आणि मी थेट अमरावतीच्या अर्ध्या मॅरेथॉनचा फॉर्म भरला. एकवीस किलोमीटर. तीन तासांनी फाटक बंद, मग मेडल नाही. शाळेत मात्र मी दोन तासांत येतो असं सांगून बसलो होतो, आणि सगळी स्टाफरूम माझी फजिती बघायला टपली होती. मेडल आणलं नसतं तर वर्षभर तोंड लपवावं लागलं असतं.

चाचांनी मला चार रविवार पळवून पाहिलं, स्वतःचाही फॉर्म भरला आणि पुठ्ठ्यावर दोघांचं वेळापत्रक आखलं. किलोमीटरला आठ मिनिटं. सहाला सुटायचं, आठ अठ्ठेचाळीसला पोचायचं. मी चिडून म्हटलं, या वेगानं रेडासुद्धा पोचेल.

"रेडा पोचते," चाचा म्हणाले. "तुमचं सांगता येत नाई."

त्या सकाळी भोंगा वाजला आणि मी पुठ्ठा, चाचा, सगळं मागे टाकून सुसाट निघालो. तासाभरात दहा किलोमीटर ओलांडले. मनातल्या मनात स्टाफरूममध्ये पेढेही वाटून झाले. बाराव्याला धाप लागली, चौदाव्याला चालायला लागलो आणि सोळाव्या किलोमीटरच्या पाटीशी पिंडरीत असा गोळा आला की मी दुभाजकावर बसलो तो बसलोच. ज्यांना मागे टाकलं होतं ते एकेक करून पुढे जात होते. पाय सरळ होईना. आठ वाजले.

आठ वाजून आठ मिनिटांनी चाचा आले. ठरल्या मिनिटाला.

आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली. चाचा खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला आणि पिंडरी चोळायला लागले. मी म्हटलं, तुम्ही जा, तुमचा टाइम चुकेल. त्यांनी मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही.

"एका स्टँडवर होतो तवाची गोष्ट हाय," चाचा पायाकडे बघत म्हणाले. "सकायची गाडी भरली होती. मी चार मिनिटं आंधीच शिट्टी मारली. बारावीची पोरगी पयत येऊन राह्यली होती, पेपरले. मले दिसली थे. म्हटलं, येईन थे दुसऱ्या गाडीनं."

दुसरी गाडी दोन तासांनी होती. तिचा पेपर बुडाला. त्या साली बोंडअळीनं कापूसही नेला होता. बापानं तिचा फॉर्म पुन्हा भरला नाही, दिवाळीनंतर लग्न लावून दिलं. चाचा दोनदा त्या गावी गेले आणि दोन्ही वेळा तिच्या दारापासून परत आले.

इतकी वर्षं मी या माणसाच्या घड्याळाला हसत होतो, याची लाज वाटली.

"उठा," ते म्हणाले. "गाडी उभी हाय."

आठ बाराला निघालो. पाच किलोमीटर राहिले होते. त्यांच्या खांद्यावर हात टाकून मी लंगडत होतो आणि दर पाटीशी वेळ विचारत होतो. ते सांगत नव्हते. शेवटच्या वळणावर मीच एका पोलिसाला विचारलं. नऊला दोन कमी होती. फाटक समोर दिसत होतं. पळायला गेलो तर पिंडरी पुन्हा आखडली.

पोचलो तेव्हा नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. मेडलांच्या खोक्याला सुतळी बांधत होते. चाचांनी हुज्जत घातली नाही. उशीर म्हणजे उशीर.

मला मात्र रडू आलं. माझ्यापायी त्यांचंही मेडल गेलं होतं. चाचांनी सुतळीवाल्याकडून पेन मागून घेतला, खिशातला घामेजलेला पुठ्ठा काढला आणि शेवटच्या रकान्यात कंट्रोलरच्या वळणदार अक्षरात लिहिलं :

'चौदा मिनिटं उशीर. कारण : एक प्रवासी यायचा होता.'

आणि खाली सही केली.