कपाळ सोडून

आप्पा सूर्यवंशींच्या डाव्या गालाला एसेन्स लागतं, उजव्या गालाला टोनर, आणि कपाळाला काहीच नाही.

"कपाळ सोडायचं," ते सांगतात. "बागंत एक ओळ बिनफवारणीची ठेवतोच की आमी. न्हाईतर औषधानं फरक पडला का हवेनं, कळायचं कसं?"

दोन्ही तोंडाला लावायच्या बाटल्या, कोरियाच्या. कुरिअरवाला पोरगा विश्रामबागेत आमच्या गल्लीत शिरला की घर शोधत नाही, सरळ आप्पांच्या फाटकाशी गाडी लावतो. आप्पा माझे शेजारी. उभा जन्म तासगावकडं द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर गेला. आता बाग धाकट्या भावाकडं, आणि आप्पा इथं, गच्चीवर, भिंग घेऊन बाटलीची पाठ वाचत बसलेले.

"आयुष्यभर द्राक्षातलं पाणी घालवलं, देसाईसायेब. आता तोंडातलं ठिवायला बगतोय. लय उशीर झालाय तसा. बेदाणा झालाच हाय."

पहिल्यांदा मी गच्चीवर गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात दोन्ही बाटल्या दिल्या. "वाचा. आधी काय लिवलंय?"

"पाणी."

"आन् दुसरीवर?"

"पाणीच."

"मग ग्लिसरीन. मग त्योच पेंटेनॉल, त्योच हायलुरॉनिक. जे जास्त त्ये वर, जे चिमूटभर त्ये तळाला. ही म्हणती मी टोनर, ती म्हणती मी एसेन्स. एक जरा पातळ, एक जरा दाट, बाकी चुलतभावंडं. आन् वर लिवलंय, एकात पाच कामं! आवं, बुरशीला, किडीला आन् मणी फुगवायला एकच औषध, असं कुनी दुकानदार म्हटला तर आमी त्याला बांदावर हुबा करू का?"

पण खरा धक्का त्यांना तिसऱ्या बाटलीनं दिला. तिच्यात गोगलगाईचा चिकट द्रव होता. आप्पांनी भिंग पुसून ते परत वाचलं. मग म्हणाले, "पावसाळ्यात हिला माराया आमी गोळ्या टाकल्या, मीठ टाकलं, राती बॅटऱ्या घिऊन येचल्या. आन् तिकडं तिची लाळ बाटलीत भरत्यात. आमी उगंच मारल्या वो."

आप्पांचा एक दुर्गुण मात्र सांगायला हवा. कुणाची चूक त्यांना सोडवत नाही. बागेवर आलेल्या कंपनीच्या माणसाला त्यांनी औषधाच्या प्रमाणावरून भर उन्हात उभं केलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला बेदाण्याची प्रतवारी शिकवली होती. मी एकदा सहज म्हणालो, "बाटलीवरचं हे नायसिनामाइड म्हणजे ते व्हिटॅमिन सी ना?" झालं. चहा निवला.

"सी? आवं, बी! बी-थ्री! सी येगळं, त्ये उजेडात पिवळं पडतंय. शिकल्याली मान्सं तुमी, असं कसं बोलता?" दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटले, तेव्हाही पेंडीवरून मान वर करून म्हणाले, "बी-थ्री."

मी हे सगळं सलूनमध्ये रंगवून सांगत असे. मी फारसा बोलका माणूस नाही. पण आप्पांचे दोन गाल मला चांगले वठत, लोक हसत, आणि हसवणारा म्हणून माझं नाव झालं होतं. आता लिहिताना त्याची लाज वाटते, कारण मी जे सांगत होतो ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गिळलं होतं.

आप्पांच्या पत्नी, मालनवहिनी, गेल्यानंतरची गोष्ट. त्यांची एकुलती एक मुलगी शीतल पुण्याला नोकरीला असते. दिवसकार्य आटोपून ती परत गेली. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी आप्पांसमोर बसलो होतो. आप्पांनी फोन उचलला, "पोचलीस? जेवलीस?" एवढं म्हणाले. पुढं नेहमीसारखंच, "थांब, आईकडं देतो," म्हणून फोन स्वयंपाकघराच्या दिशेनं धरला.

हात तसाच राहिला. फोनमधून शीतलचा आवाज येत होता, "आप्पा? आप्पा?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पेपर उचलला.

त्यानंतर तिचे फोन येत, आणि लगेच संपत. जेवला का, जेवलो, ठेवू का, ठेव. मग एक दिवस न्हाणीघरात तिची विसरलेली बाटली सापडली. टाकून देऊ का, असं विचारायला आप्पांनी तिला फोन केला. "आप्पा, टाकू नका हं! किती शोधली मी!" अशी सुरू झालेली पोरगी टोनर म्हणजे काय, तो कधी लावायचा, कशावर लावायचा हे सांगत कितीतरी वेळ बोलत राहिली. आप्पांनी नवीन बाटल्या मागवायला सुरुवात केली ती तेव्हापासून. मी याचा अर्थ लावला, म्हातारा बिघडला.

परवा संध्याकाळी बेदाण्याचं पाकीट द्यायला त्यांनी मला हाक मारली. मी जिना चढतोय तोवर शीतलचा फोन आला. गच्चीवर आवाज मोठा करून ठेवलेला. मी शेवटच्या पायरीवरच थांबलो.

"पोरी, त्ये नायसिनामाइड का काय म्हंत्यात, त्ये गं काय अस्तंय?"

मला हसू आलं. तिकडून शीतल भांडी घासता घासता म्हणाली, "ते होय? अहो, ते व्हिटॅमिन सी, आप्पा. लिंबात असतं ना, ते."

मला वाटलं, आता बिचारीची खैर नाही.

आप्पांनी भिंग खाली ठेवलं. "असं व्हय?" म्हणाले. "बघ. मला अडाण्याला कुठनं ठावं? मग त्ये सकाळी लावायचं का राती?"

आणि ती सांगू लागली. हसली, आईची एक आठवण मध्येच आली, परत सांगू लागली. आप्पा नुसते "हां... हां..." करत होते.

फोन संपल्यावर मी वर गेलो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी सगळं ऐकलंय हे त्यांना कळलं.

"बी-थ्री," मी म्हणालो.

"गप बसा," ते म्हणाले.

माझा मुलगा बंगळुरूला आहे. त्याच्या लहानपणी मी त्याच्याशी बोललो ते मार्कांबद्दल आणि रागावून. आता त्याचा फोन आला की मीही म्हणतो, थांब, आईकडं देतो. आमच्या घरात फोन अजून देता येतो, एवढाच फरक. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी आप्पांना सांगितलं, आणि म्हणालो, "तुमची एखादी बाटली द्या मला. लावायला नको. विचारायला."

आप्पांनी बागेत नवा रोग बघावा तसं माझं तोंड न्याहाळलं.

"पोराला दाढी हाय?"

"आहे. मोठी."

"मग ह्ये नगं. दाढीच्या तेलापास्नं सुरू करा," ते म्हणाले. "आन् एकदम समदं इचारू नका. एकच इचारायचं. बाकीचं फुडच्या फोनला ठिवायचं."