खिम्याची कोशिंबीर

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता बुद्धभूषण काळेवाडीतल्या आपल्या स्वयंपाकघरात हातात कागद धरून उभा होता आणि ओट्यावरच्या वस्तू कागदाशी ताडून बघत होता. कागदावर सात वस्तू होत्या. ओट्यावर चार. एक वाजता साहेब जेवायला येणार होते.

"लिंबू आहे," तो म्हणाला. "कांदा आहे, पुदिना आहे, लाल तिखट आहे."

"म्हणजे चटणीपुरतं झालं," त्याची बायको वर्षाली म्हणाली. "आता पदार्थाचं बघा."

पदार्थाचं नाव लाब. थायलंडातली मांसाची कोशिंबीर. खिमा पाण्याच्या हबक्यावर परतायचा, तेलाचा थेंब नाही. मग त्यात लिंबू, कांदा, पुदिना, तिखट, भाजलेल्या तांदळाची भरड आणि मासळी मुरवून काढलेला खारट रस, म्हणजे फिश सॉस. भूषणच्या आईला, गिरजाबाईंना, हे काल रात्री समजावून सांगितलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि एकच प्रश्न विचारला होता. "खिम्याची कोशिंबीर? मग दही कवा घालायचं?"

हे संकट भूषणनं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. चाकणला तो ज्या कंपनीत होता तिथे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या व्हायच्या. नवीन लाइन थायलंडच्या गिऱ्हाइकासाठी टाकलेली, आणि तिची तपासणी करायला नरोंग नावाचे साहेब आठवड्यापूर्वी येऊन बसले होते. बारीक, पन्नाशीचे, खिशात लाल पेन. ते फारसं बोलत नसत आणि बोलत तेव्हा बहुधा 'नो' म्हणत. सोमवारी त्यांनी सही दिली तर भूषण लाइनचा प्रमुख होणार होता. नाही दिली, तर ती खुर्ची जयसिंगला. जयसिंगकडे स्टोअर होतं, आणि जयसिंग तसा मनाचा मोठा. भूषणला जे मिळेल ते आपल्याला मिळालं तरी चालेल, असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी कँटीनमध्ये साहेबांनी पनीरची वाटी बोटानं लांब सारली आणि खिडकीबाहेर बघत एकच शब्द उच्चारला, "लाब." भूषण पूर्वी तीन महिने ट्रेनिंगला थायलंडात होता. तिथल्या मेसमध्ये त्यानं लाब रोज खाल्ला होता, करताना एकदाही पाहिला नव्हता. तरी तो म्हणाला, "लाब? आमच्याकडे दर रविवारी असतो, सर!"

खोटं बोलायला माणसाला दोन सेकंद लागतात. निस्तरायला रविवार जातो.

"मग मीच गाडीतून घेऊन येतो साहेबांना," जयसिंग तत्परतेनं म्हणाला होता.

आणि यात एक खोच होती. महिन्याभरापूर्वी बिजागरीत भरायचं ठरलेलं ग्रीस वेळेवर आलं नाही. अशा वेळी नियम सोपा आहे: दुसरं वापरा, पण आधी फॉर्म भरा आणि गिऱ्हाइकाला विचारा. फॉर्म भरला की गिऱ्हाईक प्रश्न विचारतं, म्हणून फॉर्म कोणी भरत नाही. भूषणनं दोन दिवस दुसरंच ग्रीस लावायला सांगितलं. "लावा रे, कुणाला काय कळतंय!" हे त्याचे शब्द. सहाशे चाळीस बिजागऱ्या तेव्हापासून गोदामात बसून होत्या. साहेबांना माहीत नव्हतं. जयसिंगला माहीत होतं.

तेव्हा साहेबांचं पोट आज भरणं फार गरजेचं होतं.

भूषण इकबालच्या दुकानात गेला. "इकबालभाई, पाऊण किलो चिकनचा खिमा. एकदम साधा."

"साधा म्हणजे?"

"काही न घालता."

"घरी सगळं ठीक ना, भाऊ?"

"परदेशी पाहुणे येणारेत."

"हां, मग असं बोला ना!" इकबालचा चेहरा उजळला आणि तो आत मशीनकडे गेला.

घरी येऊन पिशवी उघडली तर खिमा हिरवा. भूषणनं तिथूनच फोन लावला. "इकबालभाई, साधा सांगितला होता!"

"साधाच आहे, भूषणभाऊ. मसाला कुठं टाकलाय? आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, बस. पाहुणे येणार म्हणालात, त्यांना नुसता कोंबडीचा लगदा देऊ? उद्या तुमचं नाव निघालं असतं."

"दुसरा मिळेल?"

"आता बोनलेस संपलं, भाऊ. तंगड्या आहेत."

भूषणनं फोन ठेवला, खिमा चाळणीत घेतला आणि नळाखाली धरला.

"अहो, खिमा धुतात का कोणी?" वर्षाली ओरडली.

"लसूण निघाला पाहिजे."

लसूण निघाला नाही. खिमा मात्र निघाला. पाऊण किलोतला पाव किलो मोरीतून पवना नदीच्या दिशेनं रवाना झाला आणि चाळणीत जे उरलं ते पाच माणसांना पुरणारं नव्हतं. गिरजाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी सोयाबीनच्या वड्यांचा डबा काढला, मूठभर वड्या गरम पाण्यात टाकल्या, पिळल्या, कुस्करल्या आणि खिम्यात मिसळल्या.

"आई, हे काय?"

"खिमा," गिरजाबाई म्हणाल्या. "आता वळख बरं, कुठला कोन त्यो."

त्याला ओळखता आलं नाही.

सव्वाअकराला दाराची बेल वाजली. मोबाइलवरून मागवलेला फिश सॉस आला होता. बाटली काळी होती आणि तिच्यावर सोया सॉस लिहिलं होतं. मोबाइलवर निरोप होता: 'आपली वस्तू संपल्यामुळे मिळतीजुळती वस्तू पाठवत आहोत.'

"निदान कळवलं तरी," वर्षाली म्हणाली.

हे वाक्य तिनं सहज म्हटलं होतं. भूषणला ते बरगडीत लागलं.

"आता काय करायचं? फिश सॉसशिवाय लाब होत नाही. ते लोक पहिल्या घासाला ओळखतात."

"मासळीचं खारट पानीच पायजे ना?" गिरजाबाईंनी विचारलं आणि स्टुलावर चढून माळ्यावरचा सुकटीचा डबा खाली घेतला. वाडगाभर सुकट मिठाच्या पाण्यात उकळली गेली, जुन्या पंचातून गाळली गेली, आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली. वाटीत तपकिरी पाणी जमलं. भूषणनं बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. जवळ जात होतं. नेमकं कशाच्या जवळ, हे त्याला सांगता आलं नसतं.

राहता राहिली तांदळाची भरड. थायलंडात चिकट तांदूळ वापरतात, म्हणून भूषणनं घरातला इंद्रायणी काढला. एक वाटी भाजायला, बाकीचा सगळा कुकरमध्ये. तवा मंद आचेवर ठेवून तो स्वतः हलवत बसला. तांदूळ सोनेरी होत आला आणि फोन वाजला. जयसिंग.

"भूषणराव, आम्ही निघालो बरं का. साहेबांना भूक लागलीय. सव्वाबाराला पोचतो."

"सव्वाबारा? एक ठरलं होतं!"

"भुकेला घड्याळ असतं का, राव? आणि हो, गाडीत साहेब विचारत होते, ग्रीस कुठलं लावता म्हणून. मी म्हटलं, आमचे भूषणरावच सांगतील. जेवताना निवांत सांगा."

फोन बंद झाला तेव्हा भूषणचं उलथनं हवेत होतं आणि तवा धूर सोडत होता. तांदूळ कोळशासारखे झाले होते. कुकरच्या दोन शिट्ट्या होऊन गेल्या होत्या, म्हणजे घरात कोरडा इंद्रायणी दाणाभर नव्हता. पावणेबारा वाजले होते.

"भाजलेलं पीठच पायजे ना?" गिरजाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात थालीपिठाच्या भाजणीचा डबा आधीच होता.

"आई, त्यात ज्वारी, हरभरा, धने, जिरं, सगळं आहे!"

"तांदूळ बी हाय. आनि भाजलेला हाय."

भूषणनं डब्याचं झाकण उघडलं.

बारा वाजून अठरा मिनिटांनी साहेब आले. दारातच त्यांनी बूट काढले, समोरच्या भिंतीवरच्या बुद्धमूर्तीला हात जोडून वाकले आणि सगळ्यांकडे पाहून पहिल्यांदाच किंचित हसले. जयसिंग मागून आला तो हुंगत. "वा, वा! काहीतरी खास दिसतंय."

ताटं मांडली. इंद्रायणीचा भात, काकडी, आणि मधोमध पसरट भांड्यात लाब, वर पुदिन्याची पानं. पुदिना अस्सल होता. साहेबांनी चमचाभर घेतलं, तोंडात टाकलं, चावलं. चावायचं थांबले.

भूषणनं भाताचं भांडं उगाच पुढे सरकवलं.

साहेबांनी भांड्यात डोकावून पाहिलं. "लाब?"

"लाब, सर," भूषण म्हणाला.

साहेबांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग मान खाली घालून ते जेवायला लागले. भूषणचे खांदे अर्धा इंच खाली आले. जयसिंगनं साहेबांकडे बघत बघत आपला घास खाल्ला आणि त्याचा चेहरा थोडा पडला.

ताट रिकामं झाल्यावर साहेबांनी बोलण्यासाठी तोंड पुसलं. त्यांचं इंग्रजी बहुतेक वेळा क्रियापदांवाचून चालत असे. "फिश सॉस. फार चांगला. कुठली कंपनी? मी सात दिवस शोध, मिळत नाही."

"लोकल कंपनी, सर," भूषण घाईनं म्हणाला.

"काय म्हंतोय त्यो?" गिरजाबाईंनी सुनेला विचारलं.

"मासळीच्या पाण्याचं विचारतायत, आई. कुठल्या कंपनीचं म्हणून."

"कंपनीचं? अगं, सांग की घरच्या सुकटीचं हाय! लपवायचं काय त्यात?"

वर्षाली बारा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होती. भाषांतरात अक्षर गाळणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. भूषणनं टेबलाखालून पाय मारला, तो जयसिंगला लागला. तोपर्यंत सुकट, उकळणं आणि पंचा हे सगळं साहेबांपर्यंत पोचलं होतं.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. गिरजाबाईंना ते कौतुक वाटलं आणि त्यांना जोर चढला. "आनि सांग, तांदळाच्या जागी भाजणी हाय. आनि खिमा मोरीत गेला म्हनून त्यात सोयाबीन हाय. कळलं का कुनाला? न्हाई कळलं! आमच्या भूषणचं डोकं पहिल्यापास्नं असंच. ल्हान व्हता तवा माझ्या शिलाई मशिनीचं तेल सपलं, तर ह्यानं करडईचं तेल घातलं. सा म्हैनं मशिन चालली. मला पत्ता न्हाई!"

"वर्षाली, एवढं पुरे," भूषण म्हणाला.

पण वर्षालीनं करडईसुद्धा सोडली नाही.

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "मशीन," ते म्हणाले. "खायचं तेल." मग त्यांनी भूषणकडे पाहिलं, सावकाश, जसं ते मोजपट्टीकडे पाहत. "फॅक्टरीत पण असं?"

भूषणनं मनात हिशेब मांडला. होय म्हणावं तर सही गेली. नाही म्हणावं तर समोर जयसिंग बसला होता, आणि जयसिंग या क्षणासाठीच आपलं पेट्रोल जाळून आला होता. त्यानं हात पुसले आणि मोकळं हसला.

"सर, काय सांगू! आमच्या चाकणला हे सगळ्यांनाच येतं. कुणालाही विचारा!" आणि 'कुणालाही' म्हणताना त्यानं भूषणकडे असं पाहिलं की कोणाला शंका राहू नये.

साहेबांना मात्र त्याच्या आधीचा शब्द आवडला. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना, सर!"

"गुड." साहेबांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि तळहातावर काहीतरी टिपून घेतलं. "उद्या नऊ वाजता, सगळे, यादी. लाइन, स्टोअर, पेंट, पॅकिंग. ठरलेलं काय, वापरलं काय, किती. स्वतः आणा, राग नाही. मला सापडलं, मोठा राग."

मग त्यांनी ताट गिरजाबाईंच्या पुढे केलं. "आणखी, प्लीज."

"घ्या की, घ्या!" गिरजाबाई म्हणाल्या. "लाजू नका." जयसिंगनं मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. त्याला एकाएकी ऑफिसातलं काहीतरी आठवलं होतं.

सोमवारी सकाळी भूषणनं त्या छापील फॉर्मचा गठ्ठा पहिल्यांदाच उघडला. पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यानं एक ओळ लिहिली: ग्रीस, दोन दिवस, सहाशे चाळीस नग. ओळीखाली सही केली आणि फॉर्म साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ग्रीस पुसा," ते म्हणाले. "ठरलेलं लावा. किती दिवस?"

"तीन, सर."

"गुरुवारी सही," साहेब म्हणाले आणि फॉर्म फाइलमध्ये लावला. "नेक्स्ट. स्टोअर."

जयसिंग पुढे आला. 'सगळे' म्हटल्यामुळे त्याच्या हाताखालच्या आठ माणसांनीही आपापल्या याद्या दिल्या होत्या, आणि त्यांनी काय लिहिलंय हे त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे त्याला सगळंच लिहावं लागलं होतं. तो बोल्टपासून सुरू झाला, थिनरवर आला, मग वॉशर, खोकी, खोक्यांच्या पट्ट्या. भूषण दाराशी उभा राहून ऐकत होता. बाहेर दहाच्या चहाची बेल झाली. जयसिंगनं तिसरं पान उलटलं, कपाळ पुसलं आणि आशेनं वर पाहिलं.

साहेबांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "पुढे?"