एक ओळ खाली घसरलेला पाणवठा

एका जंगलात पाणवठा एकच होता आणि खिडक्या चार होत्या. मुलांनो, कसल्या खिडक्या, ते आधी सांगतो. नाहीतर ठिपकी हरणीचे थोरले दीर कशाने गेले ते तुम्हाला कळणार नाही.

त्या जंगलाचा राजा वाघ होता. त्याने शिकार सोडली होती. राज्याभिषेकाच्या दिवशी त्याने तसे सगळ्यांसमोर जाहीर केले होते. "यापुढे मी कुणाची शिकार करणार नाही," तो म्हणाला होता. "नियम मोडणाऱ्याला फक्त शिक्षा करीन."

शिक्षा एकच होती. ती झाल्यावर राजाचे पोट भरत असे.

नियमही एकच होता. उन्हाळ्यात पाणवठ्यावर ज्याने त्याने आपापल्या वेळेला यायचे. हत्तींनी पहाटे, माकडांनी सकाळी, हरणांनी दुपारी आणि राजाने तिन्हीसांजेला. पूर्वी ही पाळी टिटवी ओरडून सांगायची. ओरडणे कर्कश असे, पण सगळ्यांना एकच ऐकू यायचे. पुढे शेजारच्या जंगलाने संकेतस्थळ काढले. मग आपल्या जंगलाला टिटवी शोभेना.

आता संकेतस्थळाचे पान बघायचे तर ब्राउझर लागतो. जंगलात त्याला खिडकी म्हणत. हरणांकडे 'चपळ' नावाची खिडकी होती. हत्तींकडे 'ऐसपैस' होती. माकडांकडे 'उडी' होती, ती दर आठवड्याला नवी यायची आणि माकडे दर आठवड्याला तिला शिव्या द्यायची. राजाकडे 'वाडवडील' होती. ती सिंहासनाबरोबरच आली होती. ती बदलायची तर परवलीचा शब्द लागे, आणि तो राजाच्या आजोबांना माहीत होता. आजोबा वारले होते.

पान मांडायचे काम बारकूकडे आले. बारकू सुगरण पक्षी होता. सुगरण हे नाव बाईमाणसाचे वाटते, पण या पक्ष्यांत घरटे नर विणतो. तेही अर्धेच विणतो. मग मादी येते, आत डोकावते, दोन काड्या ओढून बघते आणि बहुतेक वेळा काही न बोलता उडून जाते. बारकूची सहा घरटी अशी नापसंत झाली होती. त्यामुळे हे काम त्याला झेपेल असे सगळ्यांना वाटले.

बारकूने मन लावून नियम लिहिले. अक्षर केवढे, रंग कोणता, रकाना कुठे, वर मोकळी जागा किती. या यादीला स्टाइलशीट म्हणतात. त्याने दोन रकाने केले. डावीकडे प्राण्यांची नावे, उजवीकडे त्यांच्या वेळा. तळाशी राजाची मोठी तसबीर.

मग तो पान दाखवायला घरोघर फिरला. हरणांकडे बरोबर दिसले. हत्तींकडे अक्षर जरा मोठे दिसले, पण हत्तींना ते आवडले. माकडांकडे तसबीर उलटी दिसली. ती मात्र त्यांनी स्वतःच उलटी केली होती.

राहता राहिली राजाची गुहा. गुहेच्या तोंडाशी कोल्हा कारभारी बसलेला होता.

"मला एकदा महाराजांच्या खिडकीत बघायचं होतं," बारकू म्हणाला.

"तुला? आत?" कोल्हा म्हणाला. "मागच्या महिन्यात एक जण आत गेला होता, छपाई करणारा. अजून बाहेर आलेला नाही."

"मग तुम्ही बघून सांगाल का?"

कोल्हा आत जाऊन आला. "पान दिसतंय. तसबीर छान आलीय."

"आणि वेळा?"

"वेळाही आहेत की. चारातल्या तीन तरी आहेत."

बारकू लाजाळू होता. 'तीन कशा?' हा प्रश्न त्याच्या चोचीपर्यंत आला आणि परत गेला. मुलांनो, पुढचे सगळे त्या परत गेलेल्या प्रश्नामुळे घडले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हरणे पाण्यावर आली. समोरून राजाही आला.

"ही तुमची वेळ नाही," राजा दुःखाने म्हणाला.

"महाराज, दुपार आमचीच," ठिपकीचे थोरले दीर म्हणाले. "पानावर लिहिलंय."

"मीही पान बघूनच आलोय. हरणे सकाळी. दुपारी मी."

दीर कायद्याने चालणारे होते. वाद घालायला ते थांबले. बाकीची हरणे पळाली.

ठिपकी तडक बारकूच्या बाभळीखाली आली. तिच्यामागे तिची दोन पाडसे होती. "बारकू, खाली ये. तू काय लिहून ठेवलंयस?"

"काकू, तुमच्या खिडकीत दुपारच आहे ना?"

"दुपारच आहे. म्हणून तर आमचे भाऊजी गेले. उद्या परत दुपार आहे. पाण्यावर जावं तर वाघ, न जावं तर ही दोघं तहानेनं मरतील. परवापर्यंत मी यांना पानांचा रस चाटवीन. त्याच्यापुढे माझ्याकडे काही नाही."

बारकूने रात्रभर नियम तपासले. त्याला एकही चूक सापडली नाही. चूक नसलेल्या कामाइतके भीतिदायक काही नसते.

सकाळी तो गुहेत गेला. कोल्हा नुकताच दिरांच्या उरलेल्या भागावरून उठला होता आणि डुलकी घेत होता. राजा वाडवडीलसमोर बसला होता.

बारकूने लांबूनच बघितले, आणि त्याला सगळे कळले. उजव्या रकान्याच्या वर त्याने थोडी मोकळी जागा सोडली होती. ती जागा बाकीच्या खिडक्या एकदा मोजत. वाडवडील दोनदा मोजायची. जुन्या खिडकीची जुनी सवय. त्यामुळे वेळांचा अख्खा रकाना एक ओळ खाली घसरला होता. हत्तींसमोर काहीच नव्हते. माकडांसमोर पहाट, हरणांसमोर सकाळ, राजासमोर दुपार. आणि तिन्हीसांज राजाच्या तसबिरीमागे गेली होती.

"महाराज," बारकू म्हणाला, "रकाना घसरलाय."

राजाने पडद्याकडे बघितले. "मला तर बरोबर दिसतंय."

"बाकी सगळ्यांना वेगळं दिसतं."

"मग बाकी सगळ्यांच्या खिडक्या बघ," राजा म्हणाला, आणि त्याला खरोखर तसेच वाटत होते. राजा खोटे बोलत नसे. त्याला तशी गरज पडत नसे.

बारकूने परत येऊन एक जास्तीचा नियम लिहिला. 'वरची मोकळी जागा निम्मी करावी.' त्याच्या सुरुवातीला त्याने एक विचित्र खूण ठेवली. ती खूण फक्त वाडवडीलला वाचता येई. बाकीच्या खिडक्यांना ती कळत नसे, आणि जे कळत नाही ते खिडक्या मुकाट सोडून देतात. हा त्यांचा मोठा गुण आहे. माणसांत तो नाही.

त्या दुपारी हरणे भीत भीत पाण्यावर आली. वाघ आला नाही. पाडसे इतके पाणी प्याली की त्यांना तिथेच झोप लागली.

तिन्हीसांजेला राजा आला. पाणवठ्यावर कुणी नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. आठ दिवस गेले. जंगलात कुणी नियम मोडेना, त्यामुळे राजाला जेवण मिळेना. शिकार तर त्याने सोडलेली होती. कोल्ह्याला उष्टे मिळेना. नवव्या दिवशी कोल्ह्याने तक्रार लिहिली: 'संकेतस्थळ बिघडले आहे.'

वडाखाली सभा भरली. चारही खिडक्या शेजारी शेजारी मांडल्या. सगळीकडे पान सारखे दिसत होते.

"बिघडलंय कुठे?" हत्तींची म्होरकी गजराबाई म्हणाली. "चांगलं तर दिसतंय."

"आजी, तुम्हाला सवय झालीय म्हणून," कोल्हा म्हणाला. "महाराजांच्या पडद्यावर आधी वेगळं होतं. यानं राजाच्या पडद्याला हात लावला. प्रजेसाठी राजाचा पडदा बदलायचा, की राजासाठी प्रजेचे?"

माकडे खिदळली. "कारभारी, तुमचं पोट आत गेलंय," एक माकड म्हणाले. "त्याचीपण तक्रार लिहा."

कोल्हा बारकूकडे वळला. "बारकू, पान सगळ्या खिडक्यांत एकसारखं दिसलं पाहिजे. हेच तुझं काम ना?"

"हो," बारकू म्हणाला.

"मग महाराजांना पहिल्या दिवशी जसं दिसलं, तस्संच ते सगळ्यांना दिसू दे."

राजाने मान डोलावली. पहिल्या दिवशी तो पोटभर जेवला होता. पान तसे झाले की जेवणही तसेच होईल, असा त्याचा सरळ हिशोब होता. कोल्ह्याचाही तोच होता.

बारकू बोलायला उठला. या खेपेला त्याने चोचीशी आलेले परत जाऊ द्यायचे नाही असे ठरवले होते. "पण महाराज, ते पान चुकीचं आहे. त्यात वेळा..."

"गप बस," ठिपकी हळूच म्हणाली.

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"अरे, सकाळी आम्ही. दुपारी तो. नीट मोज."

बारकूने मोजले. मग तो खाली बसला. "जशी आज्ञा," तो म्हणाला.

ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम होते. बरोबर पान चार खिडक्यांत सारखे दाखवणे सोपे असते. चुकीचे पान सारखे दाखवायला फार कौशल्य लागते. वाडवडीलला काही करावे लागले नाही, तिचा जास्तीचा नियम फक्त काढला. चपळमध्ये रकाना एक ओळ ढकलावा लागला. ऐसपैसमध्ये तो ढकलल्यावर दीड ओळ जाई, तो अर्धी ओळ मागे ओढावा लागला. उडीचे जमले, तेवढ्यात नवी उडी आली आणि तिचे पुन्हा करावे लागले. शेवटी चारही पडद्यांत केसाचाही फरक उरला नाही. तिन्हीसांज चारही ठिकाणी तसबिरीमागे गेली.

दुसऱ्या दिवशी माकडे पहाटे आली. लवकर उठावे लागले म्हणून त्यांनी पाण्यातल्या बेडकांना दगड मारले. सकाळी हरणे आली. ऊन कोवळे होते. पाडसे पाण्यात खेळली आणि वेळ संपायच्या आत ठिपकी त्यांना घेऊन गेली.

हत्तींनी आपल्या नावासमोर बघितले. तिथे कोरे होते.

"कोरं म्हणजे काय गं?" एका हत्तिणीने विचारले.

"कोरं म्हणजे आपल्याला वेळेचं बंधन नाही," गजराबाई म्हणाली. "मी इतके उन्हाळे बघितलेत, पण असा चांगला नियम पहिल्यांदाच बघतेय."

आणि सगळा कळप पाण्यात जाऊन बसला.

दुपारी राजा आला. ऊन रणरणत होते. पाणवठ्यात सतरा हत्ती होते आणि पाणी दिसत नव्हते.

"ही यांची वेळ आहे का?" राजाने विचारले.

"यांना वेळच नाही, महाराज," कोल्हा म्हणाला. "कुठलाच नियम मोडला जात नाहीये."

"आणि हरणं?"

"सकाळी येऊन गेली. नियमाप्रमाणे."

राजा बराच वेळ काठावर उभा राहिला. गजराबाईने सोंडेत पाणी घेतले आणि आपल्या पाठीवर सोडले. चार थेंब राजाच्या मिशीवर पडले. ते त्याने चाटले.

"मला बरोबरच दिसतंय ना रे?" त्याने विचारले.

"हो, महाराज," कोल्हा म्हणाला. "आता सगळ्यांना तसंच दिसतं."

तात्पर्य: मुलांनो, राजाच्या पडद्यावरची चूक कधी दुरुस्त करायला जाऊ नये. ती काळजीपूर्वक सगळ्यांच्या पडद्यांवर पसरवावी. एकट्याला दिसते तोवर चूक जीव घेते. सगळ्यांना सारखी दिसू लागली की तिला शिस्त म्हणतात, आणि मग हरणेसुद्धा सुखाने पाणी पितात.