वायफायचा चोर आणि माझी यादी

मशीन कुठलंही असो, वाहिदच्या हाताखालून गेलं की सुधारतंच! कार्ल्यात हायवेला दुचाकीच्या पार्टचं दुकान आहे माझं, पंचवीस वर्षं. तेव्हा घरातला तो चार बोटांचा राउटर मला काय जड?

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी फोनवर राउटरचं पान उघडलं. कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी. मी एक, मुमताज दोन, आमच्या रुमाईसाचा फोन तीन, तिचा लॅपटॉप चार. आणि पाचवा? नाव नाही, गाव नाही, नुसता बारा अक्षरांचा नंबर!

"चोर!" मी ओरडलो.

मुमताज लाटणं घेऊनच बाहेर आली. "कुठंय?"

"वायफायमध्ये! प्रत्येक फोनला कंपनीतूनच एक नंबर चिकटवलेला असतो, गाडीला चॅसिस नंबर असतो ना, तसा. आता हा नंबर राउटरला दिला, की चोर दाराबाहेर!"

"अहो, आज नको. अकराला रुमाईसाची मुलाखत आहे."

मुलाखत म्हणजे पुण्याच्या कंपनीची, शेवटची फेरी, व्हिडिओवर. दोन वर्षांत नऊ ठिकाणी नकार पचवून पोरगी इथवर पोचली होती. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला.

"म्हणून तर! मुलाखतीला फुल स्पीड नको?" मी म्हणालो आणि ओट्यावर जाऊन अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "माझं नेट फुकट वापरणाऱ्याचा नंबर मिळालाय! सोडणार नाही, थेट वडगावला पोलिसात देणार!"

दूध घालणाऱ्या बयामावशी पायरीवर बसल्या होत्या. दूध ओतलं की गुडघ्यांना आराम म्हणून त्या रोज दहा मिनिटं तिथं बसतात. मी म्हटलं, "मावशी, साक्षीला राहा!" तर त्या किटली उचलून चालत्या झाल्या. मला वाटलं, घाईत असतील.

मी यादीत चोराचा नंबर भरला. खाली दोन बटणं. एक 'डिनाय', एक 'अलाऊ'. आता मोबाईल घेतल्यापासून कुठलंही अ‍ॅप उघडलं की ते विचारतं, अलाऊ? आणि मी आजवर दुसरं काही दाबलेलंच नाही! बोट आपोआप गेलं. अलाऊ. सेव्ह. आणि ऐटीत अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर रुमाईसा दारात. "अब्बा, नेट गेलं."

"चोराचं गेलं असेल."

"सगळ्यांचं गेलं! तुम्ही नक्की काय दाबलंत?"

मी सांगितलं. पोरगी मटकन खालीच बसली. "अब्बा, तुम्ही राउटरला सांगितलंत, यादीत आहे फक्त त्यालाच आत घे. आणि यादीत एकटा चोर आहे!"

म्हणजे माझ्या घरात, माझ्या पैशाचं नेट, आणि वापरायची परवानगी जगात फक्त चोराला!

"मग बदल की ते बटण!"

"बदलायला राउटरचं पान उघडावं लागतं, आणि तो आता आपल्याला उभं करत नाही. लॅपटॉपला वायर लावायची सोय नाही. मागचं रिसेट दाबलं तर कनेक्शनवाल्याला येऊन सगळं नव्यानं भरावं लागेल."

कनेक्शनवाल्या गौरवला फोन केला. तो म्हणाला, "काका, तीनपर्यंत येतो." डोंगराच्या पायथ्याला आमच्या आळीत मोबाईलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात, तिथं आवाजच जेमतेम पोचतो, चेहरा कुठला! दुकानात न्यावं तर हायवेचा गोंगाट. दहा वाजले. आता उपाय एकच. चोर शोधायचा आणि त्याच्या पाया पडायचं.

गेलो शेजारच्या हौशीराम आबांकडे. आवाजात साखर घालून विचारलं, "आबा, माझं वायफाय तुमच्याकडं लागतं का हो? लागत असेल तर बरंच आहे!"

"आमी न्हाई बाबा! माजा फोन बटनाचा हाय. देवाची आन!"

पुढच्या घरातल्या सत्यमनं मला बघताच फोन तांदळाच्या डब्यात खुपसला. "भाऊ, माझ्याकडं फोनच नाही!"

मी चौकात उभा राहून विनवलं, "चोर असाल तर पुढे या हो! पोरीची मुलाखत अडलीय, नेट फक्त तुमच्याच फोनला आहे. काही करत नाही, चहा पाजतो!"

आबा मागून सत्यमला सांगत होते, "बोलू नगं. पोलिस बी आदी चहाच पाजत्यात."

पावणेअकरा. रुमाईसा नवा ड्रेस घालून नेट नसलेल्या लॅपटॉपसमोर बसली होती. रडत नव्हती, तेच मला बघवेना. मी पायरीवर येऊन बसलो. अक्कल गहाण टाकली होती मी, आणि भोगत होती पोरगी.

तेवढ्यात बयामावशी आल्या. पदराखालून रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

"आबांकडनं कळलं. मीच ती चोर, वाहिदभाऊ. पोरीचं काम आदी हुंद्या, मग न्या मला वडगावला."

"मावशी, तुम्ही?"

"हितं बसलं की नाशिकची नात दिसती. घरी न्हाई दिसत. लय चुकलं माजं."

मुमताजनं त्यांना धरून आत घेतलं. रुमाईसानं त्या फोनवर राउटरचं पान उघडलं, एक बटण बदललं, आणि घरातले सगळे फोन एकदम टुणटुण वाजायला लागले. अकराला दोन मिनिटं कमी होती!

जीवात जीव आल्यावर माझा रुबाबही परत आला. "पण मावशी, पासवर्ड तुम्हाला दिला कुणी?"

मावशी भाबडेपणानं म्हणाल्या, "तुमीच की! ईदला तुमचा जुना फोन दिला न्हाई का मला? तवा ह्याच पायरीवर बसून तुमीच घातला. म्हनला, मावशी, आता रोज नातीला बघा."

मुमताजनं माझ्याकडं पाहिलं. हातात लाटणं सकाळचंच होतं.

आतून मुलाखतीचा आवाज येत होता. तिला विचारलं, ऐनवेळी अडचण आली तर काय करता? रुमाईसानं सगळा किस्सा सांगितला. माझं नाव घेतलं नाही, 'घरातले एक गृहस्थ' म्हणाली. पलीकडचे पोट धरून हसले, आणि आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं. मी आळीत पेढे वाटले आणि मावशींची माफी मागितली, तीही ओट्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

राउटर आता रुमाईसाकडे आहे. तिनं यादी नव्यानं केली, यावेळी 'डिनाय'ची. त्यात एकच नंबर आहे. माझा! महिनाभराची शिक्षा म्हणे. म्हणून रोज सकाळी मी पायरीवर बयामावशींशेजारी बसतो आणि त्यांच्या फोनवर बातम्या बघतो. पण दहाच मिनिटं. त्यापुढं मावशी देत नाहीत.