मानेपुरता मतभेद

मतभेदाचा विषय जितका बारीक, तितकी मैत्री टिकाऊ. देव, धर्म, राष्ट्राध्यक्ष असल्या ढोबळ विषयांवर भांडणारी माणसं वर्षभरात एकमेकांची तोंडं बघेनाशी होतात. इंचाच्या हजाराव्या भागावर भांडणारी मात्र चाळीस वर्षं एकाच पिकअपमधून शिकारीला जातात. अमेरिकेत मोंटानातल्या ऑटर फोर्क गावात हे सिद्ध झालेलं आहे.

गोळी झाडली की तिची पितळी पुंगळी बंदुकीच्या पोटात फुगते. ती घरी आणून, पुसून, पोलादी डायमधून, म्हणजे साच्यातून, दाबून मापात आणायची आणि पुन्हा भरायची, हे ऑटर फोर्कमधल्या प्रौढ पुरुषाचं आद्य कर्तव्य. (भरलेली काडतुसं दुकानात मिळतात. ती आणणाऱ्याकडे गाव थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की विकत आणणाऱ्या सुनेसारखं बघतं.)

डाय निवडण्याचे पंथ दोन. पहिला पुंगळी सबंध दाबतो. मग ती त्या मापाच्या कुठल्याही बंदुकीत जाते. दुसरा फक्त तोंडाकडची, गोळी धरणारी मान दाबतो. अंग फुगलेलंच राहतं, म्हणून ती ज्या बंदुकीतून निघाली तिच्यातच बसते, पण बसते ती पायात मुरलेल्या जोड्यासारखी. दोनशे यार्डांवर पडणारा फरक: अर्धा इंच. (एल्क हा सांबराचा थोरला भाऊ. त्याची छाती दीड फूट असते. हे एल्कला माहीत आहे.)

या प्रश्नासाठी नेमलेली समिती तिघांची होती. एल्डन हाउगेन आणि व्हर्न ऑस्बी मानवाले. डेल्बर्ट स्ट्राउड सबंधवाला. चाळीस हंगामांत ठराव चाळीसदा मतास आला आणि डेल्बर्ट चाळीसदा दोनास एक असा हरला. हरणाऱ्याने हंगामभर मागच्या सीटवर कुत्र्याशेजारी बसायचं, हे पोटकलम. एकूण मारलेले एल्क एकतीस. डायमुळे हुकलेले शून्य.

मार्चमध्ये एल्डन गेला आणि समिती एकास एक झाली.

त्याची मुलगी लोर्ना थँक्सगिव्हिंगला मिझूलाहून आली. तिथे ती ग्रंथपाल होती. एकोणीस वर्षांनी तिने एल्कचा परवाना काढला होता, आणि तिचं मागणं फार नव्हतं: बाबांची बंदूक, बाबांची जागा, एक दिवस. हंगाम रविवारी मावळतीला संपत होता. पण ठराव झाल्याशिवाय पिकअप हलत नसे.

"पोरी, तूच सांग," डेल्बर्ट जेवणाच्या टेबलावर म्हणाला. "नुसती मान दाबायची, आणि बाकीचं अंग कुणाच्या भरवशावर? प्रार्थनेच्या?"

"याच्या पुंगळ्या कुणाच्याही बंदुकीत जातात," व्हर्न म्हणाला. "चारित्र्य म्हणून काही असतं की नाही?"

"चारित्र्याचं तू बोलू नकोस. दोन घटस्फोट झालेत तुझे."

"माप बसलं नाही म्हणून! तेच तर सांगतोय मी." मग व्हर्न लोर्नाकडे वळला. "बाळ, एल्डनची बंदूक तुझ्याकडे आली, तसं त्याचं मतही तुझ्याकडे आलंय. बापाचं नाव राख."

शुक्रवारी सकाळी लोर्नाने गॅरेज उघडलं. फळीवर बाबांच्या अक्षरातली खोकी ओळीने होती. 'मान' लिहिलेल्या खोक्यात मानेची डाय मेणकागदात गुंडाळलेली होती; कारखान्याची चिकटपट्टीसुद्धा फाटलेली नव्हती. पुंगळ्या दाबायच्या प्रेसमध्ये आवळलेली डाय दुसरीच होती, सबंध दाबणारी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. तिच्यावर खिळ्याने कोरलं होतं: डी. एस.

तिने तिच्यावरून बोट फिरवलं. मार्चमधलं वंगण अजून चिकट होतं. (वंगण किती टिकतं हे डब्यावर लिहितात. बाकीच्यांचं लिहीत नाहीत.)

डाय घेऊन ती डेल्बर्टच्या दारात गेली.

"डेल्बर्टकाका, ही तुमची?"

डेल्बर्टने आधी दार लावून घेतलं. "नेली होती त्याने. तेहेतीस वर्षांपूर्वी. एका दिवसासाठी."

"मग तेहेतीस वर्षं तुम्ही पुंगळ्या कशाने दाबता?"

"नाही दाबत. भरलेलीच आणतो. बिलिंग्जहून." त्याने आवाज उतरवला. "इथल्या दुकानात ओळखतात."

"परत का नाही मागितलीत?"

"मागितली असती तर त्याला कबूल करावं लागलं असतं. मग भांडलो कशावर असतो आम्ही?" दाराकडे बघून तो म्हणाला, "सांगू नकोस हं."

"बाबांना?"

"व्हर्नला गं."

लोर्नाने त्या दुपारी, त्याच डायने, दहा पुंगळ्या सबंध दाबल्या आणि भरल्या. शनिवारी समिती बसली. लोर्ना म्हणाली, "मान."

व्हर्नने टेबलावर थाप मारली. डेल्बर्टने इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडला की कुत्रं उठून बसलं. "बापावर गेलीस," तो म्हणाला, आणि रविवारी पहाटे कुणी सांगायच्या आत, हरवलेलं घर सापडल्यासारखा, मागच्या सीटवर जाऊन बसला.

चार वाजायला वीस मिनिटं असताना कड्याखालच्या बर्फात एल्क दिसला. लोर्नाने एकच गोळी झाडली. एल्क चार पावलं चालला आणि बसला.

"बघितलंस?" व्हर्न ओरडला. "मान!"

"नशीब," डेल्बर्ट म्हणाला.

लोर्नाने गरम पुंगळी उचलून हातमोज्यात घातली, मूठ मिटली, आणि बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली. ते दोघे शहाणे होते; कुत्र्याशी बोलत राहिले.

वाचकांचं या मंडळींना हसून झालं असेल, तर एक बारीकसं काम आहे. 'आमच्या वडिलांना चाललं नसतं' असं म्हणून आपण घरात जे नियम राखतो, त्यांतला कुठलाही एक घ्यावा आणि वडिलांचं कपाट उघडून तो ताडून पाहावा. हिंमत होत नसेल, तर सक्ती नाही. आपलं कपाट उघडायला मुलं आहेतच.