चार नंबरातला कापूस

"तोंड उघडून आतली कीड काढायची, एवढंच ना? रोज तेच करतो मी," असं म्हणून धाकट्यानं बाह्या सावरल्या आणि दादाच्या गाडीचं बॉनेट वर केलं.

धाकटा दातांचा डॉक्टर. त्यानं दवाखाना टाकला त्या दिवसापासून दादा त्याला दातकोऱ्या म्हणायचा, चारचौघांतही. दादाच्या तोंडून कधी कौतुकाचा शब्द निघाला आणि तो आपल्या वाट्याला आला, असं धाकट्याला काही आठवत नव्हतं. केस पांढरे झाले, तरी तो त्या शब्दाची वाट बघत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण वहिनींना ते माहीत होतं.

दादा वरच्या खोलीत पडून होता. फुफ्फुसं कामातून गेली होती. हॉस्पिटलनं "आता घरीच न्या" म्हणून हात वर केले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून तो भिंतीकडे बघत पडायचा. जेवण नको, औषध नको, भेटायला येणारे तर मुळीच नकोत. हवं होतं ते एकच. खिडकीखालच्या गॅरेजात त्याची लाल, बुटकी, जुनी रेसची गाडी उभी होती. जाण्याआधी तिचा आवाज एकदा नीट ऐकायचा होता.

'नीट' या शब्दावर त्याचा सगळा जोर. गाडी सुरू व्हायची, पण अडखळायची, धापा टाकायची. "हवा आत जायच्या वाटेवर काजळी धरलीय," दादा एकेक शब्द तोडत म्हणाला. "माझं आणि तिचं एकच दुखणं. माझं राहू दे. तिचं बघा."

मेकॅनिक बोलवायची सोय नव्हती. जवळपासच्या झाडून सगळ्या मेकॅनिकांशी दादा भांडून बसला होता. एकाला तर त्याच्या स्वतःच्याच गॅरेजातून दादानं बाहेर काढलं होतं. राहता राहिला धाकटा.

धाकट्यानं दवाखान्यातली हत्यारं आणली. कपाळाला दिवा बांधला, तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला, दातांवरचं कीट खरवडायचे आकडे ट्रेमध्ये ओळीनं मांडले. मग बोल्ट काढून त्यानं इंजिनावरचा नळ्यांचा जुडगा उचलला. खाली चार काळी भोकं दिसली, चार सिलिंडरांची. आतल्या झडपांवर काजळीचा असा थर होता, की असं तोंड घेऊन एखादा पेशंट आला असता तर धाकट्यानं त्याला आधी रागावून घेतलं असतं.

आता एक भोक खरवडताना काजळी शेजारच्या भोकात पडायला नको. धाकट्यानं तीस वर्षांच्या सवयीनं करतो तेच केलं. पेशंटच्या गालात दाबतो तसा प्रत्येक भोकात कापसाचा बोळा दाबला.

वहिनी वर-खाली करत होत्या. दादाचा आवाज खोलीच्या दारापर्यंतही पोचत नसे, त्यामुळे निरोप त्याच आणायच्या.

"भावजी, हे विचारतायत, काय चाललंय?"

"सांगा, कापूस लावलाय. आता साफ करतो."

वहिनी वर गेल्या. खाली आल्या तेव्हा जरा थांबून म्हणाल्या, "छान चाललंय म्हणाले."

धाकट्याचा आकडा हातात तसाच राहिला. "दादा म्हणाला? छान?"

"हो ना. करू दे त्याला, म्हणाले. हात चांगला आहे त्याचा."

धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं अशी काही काजळी काढली, की झडपा आरशासारख्या लखलखल्या. गुणगुणत त्यानं एक बोळा काढला, दुसरा काढला, तिसरा काढला, आणि 'हात चांगला आहे' हे वाक्य मनात घोळवत जुडगा जागेवर बसवून बोल्ट आवळले. दवाखान्यात बोळे मोजायला नर्स असते. शिवाय पेशंट स्वतः थुंकतो. इंजिन थुंकत नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दादाला उचलून खिडकीशी खुर्चीत बसवलं. पाठीला उशा दिल्या, ऑक्सिजनची टाकी शेजारी ओढली. वहिनींनी त्याचे केस विंचरले. धाकट्यानं खालून हात हलवला आणि किल्ली फिरवली.

गाडी खोकली. मग थरथरायला लागली. पूर्वी अडखळत का होईना चार सिलिंडरांवर चालत होती, ती आता तिनांवर आली. मागून पांढरा धूर निघाला आणि त्याला जळक्या गादीचा वास होता. शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. धूर वर चढला तसा दादाला ढास लागली, आणि दादा नि गाडी दोघं एका तालात खोकू लागले. धाकट्यानं घाईघाईनं किल्ली बंद केली. गाडी थांबली. दादा काही थांबेना.

जिना चढून धाकटा वर पोचला तेव्हा दादाचे ओठ निळे पडले होते. नळीतून चार श्वास नीट आत गेल्यावर तो पहिलं वाक्य बोलला.

"कापूस जळाला."

धाकट्यानं खिशातले बोळे काढून तळहातावर धरले. तीन होते.

"मी सांगितलं होतं," दादा म्हणाला. "कापूस नको म्हणावं गाढवाला. कापड कोंब, एकच मोठं, बाहेर लोंबतं ठेव. विसरला तरी दिसेल."

धाकट्यानं वहिनींकडे पाहिलं. दादानंही पाहिलं. वहिनी ऑक्सिजनच्या टाकीवरची धूळ पदरानं पुसू लागल्या.

"काम करणाऱ्या माणसाला खालून-वरून शिव्या कशाला, म्हणून मी..." त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तेच करत आलेय. यांचा एक निरोप जरी जसाच्या तसा पोचवला असता, तर या घरी कुणी पाऊल टाकलं नसतं."

म्हणजे 'हात चांगला आहे' हे दादाचं नव्हतंच. धाकट्याला त्या जळक्या बोळ्यापेक्षा याचं जास्त लागलं.

"माझ्या नाकासाठी ठेवायचा कापूस," दादा म्हणाला, "तू तिच्या नाकात घातलास." आणि तो हसला. हसताना पुन्हा ढास लागली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा भिंतीऐवजी माणसांकडे वळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा उघडली. या वेळी वहिनींना मध्ये ठेवायचं नाही, असं ठरलं. दादाच्या मांडीवर एक मोबाईल, धाकट्याच्या ट्रेमध्ये दुसरा, दोन्हींचा स्पीकर चालू. शिव्या थेट येत होत्या. "चिमटा आडवा धर, दाढ नाही ती. झडपेला ओरखडा काढलास तर भूत होऊन येईन." चौथ्या झडपेखाली अडकलेला करपका बोळा तुकड्या-तुकड्यानं निघाला. धाकटा तुकडे जुळवून बघत होता आणि घाम पुसत होता. इतक्या शिव्या खाऊनही त्याला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच दादा त्याच्याबरोबर काम करत होता.

मग शिव्या कमी होत गेल्या. नळ्या बसवताना एखाददुसरी आली. शेवटचे बोल्ट आवळताना एकही आली नाही. धाकट्याला वाटलं, आता दादाला नाव ठेवायला जागाच उरली नाही. त्यानं मोबाईलकडे तोंड करून अभिमानानं सांगितलं, "कापड बाहेर काढलंय, दादा. हातात आहे." आणि किल्ली फिरवली.

गाडी चारांवर सुरू झाली. जमीन हलली, ट्रेमधले आकडे किणकिणले, मोबाईलवरचं काही ऐकू येईना. एकही ठोका चुकला नाही. धाकट्यानं खिडकीकडे पाहिलं. वहिनी उभ्या होत्या. खुर्चीत दादाची मान छातीवर होती.

गाडी तशीच चालू ठेवून तो वर धावला. नाडी बघितली. डॉक्टर असूनही दोनदा बघितली.

"ऐकलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "चांगलं केलंस म्हणाले."

धाकटा खुर्चीशी खाली बसला. "वहिनी, आज तरी नको. खरं सांगा. ऐकलं का त्यानं?"

वहिनींनी दादाच्या मांडीवरचा मोबाईल उचलून बंद केला. "मला नीट कळलं नाही हो," त्या म्हणाल्या. "गाडी सुरू झाली आणि यांनी डोळे उघडले. म्हणाले, आयडलिंग का काय ते चढलंय. गाढवाला सांग, स्क्रू अर्धा आटा उतरव. मग मान टाकली."

आयडलिंग म्हणजे काय, हे वहिनींना बापजन्मी ठाऊक नव्हतं. धाकटा ओंजळीत तोंड घालून रडला. मग उठला, खाली गेला. उभ्या गाडीतही इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खरंच चढलेला होता. त्यानं स्क्रू अर्धा आटा उतरवला. गाडी शांत झाली, दादाला हवी होती तशी. तो थोडा वेळ तिच्याशी उभा राहिला आणि मग त्यानं ती बंद केली.

दुपारी दादाचं बघणारी नर्स आली. सगळं आवरताना तिनं विचारलं, "कापूस आहे का घरात?"

धाकट्यानं ट्रेमधून दोन बोळे काढून तिच्या हातावर ठेवले. मग परत घेतले, मोजले, आणि दिले.